नळ उघडला, पण थेंब नाही

काकांनी डिकी उघडून दाखवली तेव्हा मला गाडीपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं. आत वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, एक नरसाळं आणि जाड जुना टॉवेल. सामानाला जागाच नाही. "दोन वर्षं झाली, असंच फिरतोय," ते म्हणाले. गाडी १९६४ ची, चार सिलिंडरची, त्यांच्या वडिलांनी कोरी घेतलेली. रंग, क्रोम, सीटचं कापड, सगळं जिवापाड जपलेलं. फक्त तापायची.

माझ्याआधी तीन ठिकाणी काम झालं होतं. एकाने रेडिएटरची जाळी नवी टाकली, दुसऱ्याने वॉटर पंप बदलला. तिसऱ्याने थर्मोस्टॅटच, म्हणजे पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला, म्हणे पाणी मोकळं फिरेल. आता हेड, म्हणजे इंजिनचा सिलिंडरवरचा भाग, उतरवा, असा सल्ला मिळाला होता आणि त्या खर्चाला नव्हे, तर इंजिन उघडण्यालाच काका घाबरले होते.

तापणाऱ्या गाडीला हात लावण्याआधी मी एक प्रश्न विचारतोच. उभी असताना तापते की पळताना? गर्दीत, सिग्नलला तापत असेल तर वारा कमी पडतोय. मग पंखा बघायचा, बेल्ट बघायचा, जाळीत अडकलेला कचरा बघायचा. पळताना वारा आपसूक मिळतो. तरीही तापली, तर एक तर पाणी पुरेसं फिरत नाही, नाही तर आत गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार होतेय: टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, मिक्श्चर पातळ असेल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी जात असेल, नाही तर ब्लॉक आणि हेडमधलं गॅस्केट गेलं असेल.

"गर्दीत काही होत नाही हो," काका म्हणाले. "मोकळ्या रस्त्याला लागलो की वीस-पंचवीस मिनिटांत काटा लाल. चढ लागला तर त्याच्याही आधी."

आधी काटा खरं बोलतोय का ते पाहिलं. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. तो बिघडला की दोन्ही काटे एकदम चुकतात. इथे पेट्रोलचा काटा बरोबर होता. इन्फ्रारेड थर्मामीटर लावूनही खात्री केली. चकचकीत धातूवर ते कमी दाखवतं, म्हणून मी काळ्या टेपचा तुकडा चिकटवतो आणि त्यावर नेम धरतो. काटा खरा होता.

मग गॅस्केट. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ काही नाही, प्लग कोरडे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावली. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. दहा मिनिटं निळाच राहिला. टायमिंग लाइट लावली, ठिणगीची वेळ बरोबर. हेड उतरवायचं कारण उरलं नाही. काकांना तेवढं लगेच सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले.

गाडी गरम असताना माझ्याकडचा पोरगा रेडिएटरच्या कॅपकडे हात नेत होता, मी तो मनगटाला धरून मागे ओढला. ७ पीएसआय दाब धरणाऱ्या कॅपखाली साधं पाणी साधारण १११ अंशांपर्यंत उकळत नाही. १०५ अंशांचं पाणी शांत दिसतं, पण कॅप फिरवली की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. थंड इंजिनशिवाय कॅपला हात नाही, हा माझ्याकडे पहिल्या दिवसाचा नियम आहे.

थंड झाल्यावर कॅप काढली तर तिचं रबर कडक होऊन चिरलेलं. म्हणजे दाब धरतच नव्हती. ती तशीच परत लावून गाडी चालू केली, पोऱ्याला रेस द्यायला सांगितलं आणि मी टॉर्च घेऊन वाकलो. "अजून दे." इंजिनचा आवाज चढला तसा रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा खालचा होज मधोमध बसायला लागला. आधी खळगा, मग दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या, चपट्या. रेस सोडली की परत गोल. पोरगाही येऊन बघून गेला. "दादा, हा तर गळाच आवळतोय."

तसंच होतं. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. वेग वाढला की पंप जोरात ओढतो आणि नरम रबर आत बसतं. म्हणून या होजच्या आत तारेची स्प्रिंग असते. पंप बदलताना नवा होज घातला गेला होता, स्प्रिंग मात्र जुन्या होजबरोबर गेली. त्यात कॅप दाब धरत नाही, म्हणजे आतून होजला फुगवून ठेवणारं काहीच नाही.

स्प्रिंगवाला होज घातला, नवी कॅप लावली. थर्मोस्टॅटही नवा बसवला, ८२ अंशांचा. आधी पातेल्यात थर्मामीटरबरोबर बुडवून तो वेळेवर उघडतो का पाहिलं. थर्मोस्टॅट काढून टाकायची खोड मला पटत नाही. या इंजिनात तो उघडताना बायपासचं भोक झाकतो. तोच नसला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत ब्लॉकमध्येच फिरत राहतं. म्हणजे तिसऱ्या ठिकाणी केलेल्या कामाने गाडी आणखी तापायला मदतच झाली होती.

मी फोनवर काकांना सांगूनही टाकलं, उद्या घेऊन जा. संध्याकाळी चढावर नेली. सपाटीवर काटा मधोमध, आणि चढ अर्धा झाला तसा हळूहळू, अगदी सावकाश, तो लालकडे सरकू लागला. गाडी बाजूला घेऊन मी तसाच बसून राहिलो. फोनवर बोललेले शब्द आठवत होते.

परत आल्यावर ब्लॉकच्या एका बाजूने थर्मामीटर पुढून मागे फिरवलं. पहिल्या सिलिंडरपाशी ८८. दुसऱ्यापाशी ९१. चौथ्यापाशी, अगदी मागे, ११२. एकाच ब्लॉकमध्ये चोवीस अंशांचा फरक. पाणी मागे पोचतच नव्हतं.

सकाळी थंड इंजिनचं पाणी काढायला घेतलं. रेडिएटरचा नळ उघडला, धार लागली. मग ब्लॉकच्या मागच्या बाजूचा छोटा पितळी नळ उघडला. थेंबसुद्धा नाही. नळ पूर्ण काढला, तरी भोक कोरडं. तार घातली तर दीड-दोन सेंटिमीटरवर ती रुतली. धातूवर टेकली की जो टणका हाताला कळतो तो नाही, ओल्या मातीत काठी जावी तशी.

त्याच बाजूचा वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकावर ठोकून बसवलेलं पत्र्याचं झाकण, काढला. मागे पाणी असायला हवं होतं. तिथे तपकिरी भिंत होती. प्लगची गोल छापसुद्धा तिच्यावर उमटली होती. कास्ट आयर्नचा गंज आणि वर्षानुवर्षं कूलंटऐवजी घातलेल्या साध्या पाण्याचे क्षार. पंपापासून सगळ्यात लांब, जिथे प्रवाह मंद, तिथे सगळं बसत गेलं. नव्या रेडिएटरला, नव्या पंपाला तिथे काहीच करता येणार नव्हतं.

रेडिएटर वेगळा काढून ठेवला, नाहीतर हा गाळ त्याच्या नव्या नळ्यांत जाऊन बसला असता. मग वाकवलेली तार, जुना स्क्रूड्रायव्हर आणि पाण्याचा जोर. खरवडायचं, धुवायचं, परत खरवडायचं. दुपार गेली. बादलीच्या तळाशी गंजाखाली काळी खरखरीत वाळू दिसली, तिच्यात बोटभर लांबीची गंजलेली तार. ती बाहेरची नव्हती. ब्लॉक ओततात तेव्हा पाण्याच्या वाटांसाठी वाळूचे साचे आत ठेवतात, त्यांना आधाराला तार असते. ओतकाम झाल्यावर हे सगळं झाडून काढायचं असतं. यातलं थोडं राहून गेलं होतं, १९६४ पासून. काकांना ती तार कागदात बांधून दिली. त्यांनी ती खिशात ठेवली.

वेल्श प्लग सगळे नवे घातले, निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि निम्मं कूलंट भरलं, हवा काढली. या वेळी चढावर काकांनाच चालवायला दिली, मी शेजारी. वर पोचल्यावर बोनेट उघडून चौथ्या सिलिंडरपाशी मोजलं: ९३. पहिल्यापाशी ८९. काकांनी आकडा स्वतः वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

पाचशे किलोमीटरनंतर परत या, असं मी सांगितलं होतं, कारण सुटलेला गंज पहिल्या काही दिवसांत पाण्यात उतरतो आणि तो काढावा लागतो. ते आले. डिकीत एकच कॅन होता. मी खाली बादली ठेवली आणि ब्लॉकचा नळ उघडला. पेन्सिलीएवढी जाड धार सरळ बादलीत पडली, किंचित तपकिरी. ती संपेपर्यंत काका वाकून बघत होते.