कालनिर्णयच्या चौकटीत मावेल एवढं गाणं

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं, आणि ते कॅलेंडर कमी नि आईची हिशेबाची वही जास्त आहे. दूध एक लिटर घेतलं तर १, पाहुणे असतील तर २, मावशी आल्या नाहीत तर 'ख' म्हणजे खाडा, नवीन सिलिंडर लावला तर 'सि'. आणि या सगळ्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात माझं त्या दिवशीचं गाणं. चौकट एवढीशी, त्यात एकादशी, चतुर्थी आधीच छापलेली, त्यामुळे मुखड्याचे दोन-तीन शब्द लिहिले की संपली जागा.

हे सुरू झालं शनिवारी, २३ नोव्हेंबर २०१९ ला. तारीख पाठ आहे कारण महाराष्ट्रात कुणाच्याच डोक्यातून ती गेलेली नाही. आदल्या रात्री झोपताना मुख्यमंत्री वेगळाच ठरत होता आणि सकाळी चहा घेत टीव्ही लावला तर राजभवनावर शपथविधी उरकलेला पण! बाबा अर्धी दाढी झालेली तशाच फेसासकट बाहेर आले, दोन मिनिटं टीव्हीकडे बघितलं आणि काही न बोलता 'घनश्याम सुंदरा' गुणगुणत परत बेसिनकडे गेले. होनाजी बाळाची भूपाळी, १९५१ च्या 'अमर भूपाळी'मुळे घरोघरी गेलेली. अरुणोदय झाला! मी हसत हसत पेन घेतलं आणि त्या चौकटीत लिहून टाकलं. मंगळवारी राजीनामा आला, भूपाळी मात्र चौकटीत तशीच राहिली.

मग काय, मला वाटलं आपल्याला जमतंय. पुढचे कितीतरी महिने मी रोज रात्री बातम्या बघायचे, मथळ्यातला एक शब्द उचलायचे आणि तो शब्द असलेलं गाणं शोधत बसायचे. कांदा महाग झाला की कांद्याचं, मेट्रो सुरू झाली (६ मार्च २०२२, वनाज ते गरवारे कॉलेज, पहिल्याच दिवशी अख्खं पुणं सेल्फी काढायला) तर आगगाडीचं, ग्रहण असलं की चंद्राचं. ऑफिसात सांगितलं की लोक वा वा करायचे. पण खरं सांगू का, हा सगळा शब्दकोड्याचा प्रकार होता. आता जुनी पानं काढून बघते तर त्यातल्या निम्म्या नोंदींवरून तो दिवस आठवतच नाही, फक्त मथळा आठवतो, आणि मथळा काय, पेपरातही मिळेल की.

याउलट एका चौकटीत नुसतं 'आनंदाचे डोही' आहे. ते वाचलं की मला ती अख्खी सकाळ दिसते. पालख्या पुण्यात आलेल्या, रस्ते बंद, मी फर्ग्युसन रस्त्यावर गाडी कुठेतरी लावून चालत निघालेली, ऑफिसला उशीर झालेला म्हणून वैतागलेली, आणि समोरून एक दिंडी. एका आजींनी न विचारता माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि "माउली, जरा टाळ धर गं" म्हणत टाळ माझ्या हातात देऊन चप्पल नीट करायला खाली वाकल्या. दोन मिनिटं मी टाळ धरून उभी. वाजवता तर येत नाही! तर त्या खालूनच म्हणाल्या, "वाजव की, धरून काय उभी राहिलीस." दिंडीत तुकोबांचा तो अभंग चालू होता. ऑफिसात कपाळ पुसायचं विसरले आणि व्हिडिओ कॉलवर दिवसभर तशीच बसले. हे गाणं मी निवडलेलं नाही, बातमीही वेगळीच काहीतरी होती त्या दिवशी.

गाणं निवडायची मुभाच नसते असेही दिवस असतात म्हणा. आम्ही नारायण पेठेत राहतो, केळकर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अनंत चतुर्दशीचं गाणं मी नाही, चौकातली स्पीकरची भिंत ठरवते. खिडकीच्या काचा थरथरतात, कपाटातल्या बशा वाजतात, पहाटे तीनला तेच गाणं चौथ्यांदा. मी ते इमानदारीत लिहिते. दर वर्षी लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ढोल-ताशाबद्दल मात्र मी काही ऐकून घेणार नाही, तो वेगळा विषय आहे.

आणि ॲपवर भरवसा ठेवायचा नाही हेही शिकले. एक दिवस एक रडकं गाणं लावलं तर त्यानं पुढचे आठ दिवस मला रडवायचं ठरवलं, 'खास तुमच्यासाठी' म्हणून. अरे बाबा, तो कालचा मूड होता, आज मी भाजणीचं थालीपीठ लावतेय, मजेत आहे.

ऑफिसातली एकजण म्हणाली, रोज एक गाणं, कंटाळा नाही का येत? हे घरी सांगितलं तर बाबा उसळलेच. त्यांचं ठरलेलं उदाहरण गीतरामायण. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी, आणि तिथून आठवड्याला एक नवीन गाणं, गदिमांनी लिहायचं आणि बाबूजींनी चाल लावायची, वर्षभर. बावन्न व्हायची ती छप्पन्न झाली कारण त्या वर्षी अधिक महिना आला. "त्यांनी आठवड्याला एक नवं केलं, तुला तयार गाण्यांमधलं एक उचलायचंय, त्यात काय कंटाळा?" मुद्दा बरोबर आहे. पण बाबा, त्यांना पुढे काय होणार ते माहीत होतं. रामायणाची गोष्ट ठरलेली आहे, पुण्याची नाही.

२५ जुलै २०२४ चं घ्या. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल तर गेलाच होता पाण्याखाली, पण सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोक झोपेत असताना घरात पाणी शिरलं. माझी एक कलीग तिकडेच राहते, तिचा सकाळी फोटो आला, डायनिंग टेबलावर गॅसची शेगडी, तिच्यावर मिक्सर, मिक्सरवर मुलाचं दप्तर. खाली नुसतं चहाच्या रंगाचं पाणी. आणि इकडे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तिघं गेले. बाबा दिवसभर पानशेतचं धरण फुटलं त्याबद्दल बोलत होते, १२ जुलै १९६१, तेव्हा ते आठ वर्षांचे होते, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते अजून हाताने दाखवतात.

रात्री चौकटीपुढे उभी राहिले तर डोक्यात येईल ते प्रत्येक पावसाचं गाणं फालतू वाटायला लागलं. आपल्याकडे पावसाची गाणी किती, पण त्यातल्या बहुतेकांत कुणीतरी भिजतंय आणि खूश आहे, नाहीतर कुणाची तरी वाट बघतंय. शेगडी टेबलावर ठेवणाऱ्या बाईसाठी एक सापडेना. शाळांना सुट्टी होती त्यामुळे खालच्या मजल्यावरची चिमुरडी दिवसभर जिन्यात हुंदडत होती, आणि तेव्हाही ती तारस्वरात तेच म्हणत होती, ये रे ये रे पावसा. मी वैतागून दार लावायला गेले आणि तेवढ्यात तिचं पुढचं ऐकू आलं, पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा. मी तशीच दाराशी. लहानपणापासून हजार वेळा म्हटलंय हे, पण त्यात पावसाला खोटा पैसा देऊन फसवलंय आणि तो तरीही आलाय, आणि मोठा होऊन आलाय, हे कधी कानात शिरलंच नव्हतं. नदीपात्रात काय काय भराव टाकलेत ते रोज पुलावरून जाताना दिसतं. लिहिलं, 'पैसा झाला खोटा'. एवढंच मावलं.

बाबांचा एक नियम मात्र मी पाळते, गाण्याची वेळ. १३ जानेवारी २०२४, पुन्हा शनिवारच, सकाळी बातमी आली प्रभाताई अत्रे गेल्या. मी लगेच मोबाइलवर त्यांचा मारुबिहाग काढला, 'जागू मैं सारी रैना', आणि प्ले दाबणार तर बाबा म्हणाले, "रात्रीचा राग आहे तो. रात्री लाव." म्हटलं बाबा, आज तरी. तर नाही म्हणजे नाही, "आज तर मुळीच नाही." मग दिवसभर चौकट रिकामी. आई मधेच म्हणाली गॅस संपलाय, 'सि' लिहून गेली. साडेनऊला जेवणं आटोपली, बाबांनी स्वतःहून ट्यूबलाइट बंद केली, आम्ही तिघं ऐकत बसलो. कुणी मोबाइल बघितला नाही, आमच्या घरात हे नोंद करण्यासारखं आहे. लिहायला उठले तर दहा वाजून गेलेले.

आणि एक चौकट आहे जिच्यात गाणं नाही. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सगळ्या ग्रुपवर सकाळपासून लतादीदींची गाणी, एकाचं एक तर दुसऱ्याचं दुसरं, लोक भांडत पण होते की खरं हेच. मी पेन घेऊन उभी. 'मोगरा फुलला' लिहायला घेतलं, मग वाटलं आईला ते दुसरं आवडतं, मग तिसरं आठवलं, मग चौथं, आणि एक लिहिलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो असं काहीतरी येड्यासारखं वाटायला लागलं. शेवटी नुसता 'ल' लिहिला आणि झोपले.

महिनाअखेरीला आई नेहमीप्रमाणे चष्मा लावून दुधाचा हिशेब करायला बसली. संध्याकाळी मी आले तर म्हणाली, "अगं सहा तारखेला एकापुढे 'ल' असं काय लिहिलंयस? मी म्हटलं एक लिटर जास्तीचं घेतलं असेल, कुणी आलं असेल." मी सांगितलं काय ते. ती जरा वेळ कॅलेंडरकडेच बघत राहिली. तोवर दूधवाल्याला एका लिटरचे जास्त पैसे देऊन झाले होते. ते तिनं परत मागितले नाहीत.