तादामी लाइन: पूल बघायचाय की गाडीत बसायचंय, ते आधी ठरवा

जपानच्या तादामी रेल्वेमार्गाबद्दल ‘पूल बघणं आणि गाडीत बसणं, एका दिवसात दोन्ही आरामात होतं’ असं ज्यांनी लिहिलंय, त्यांच्याकडे नक्की स्वतःची मोटार असणार. आम्ही रेल्वेवर विसंबून होतो, त्यामुळे आमची वाट लागली.

आइझू-वाकामात्सु ते कोइदे हे 135.2 किलोमीटर. धुक्यातला कमानीचा पूल आणि त्यावरून जाणारा इवलासा डबा, हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो पूल गाडीत बसून दिसत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यासाठी मिशिमा गावाजवळच्या टेकडीवर चढावं लागतं. आइझू-मियाशिता स्टेशनवर उतरून आम्ही 252 नंबरच्या रस्त्याने चालत निघालो. ‘छान पायवाट’ म्हणे! कडेला चालायला धड जागा नाही, ट्रक अंगावरून जातात, वर पावसाची झिमझिम. शेवटी पायऱ्या, त्यावर ओली पानं. चांगल्या ग्रिपचे बूट असूनही दोनदा घसरलो. वर पोचलो तर ट्रायपॉडवाल्यांनी कठडा अडवलेला. गाडी आली आणि काही सेकंदांत पलीकडे गेलीसुद्धा. परतीच्या टॅक्सीत मीटर पळताना बघून जीव कळवळला. जाताना टॅक्सी करा, येताना उतारावर चाला. आम्ही नेमकं उलटं केलं. अस्वलांचा वावर आहे, पिशवीला घंटी बांधाच.

आता गाडीबद्दल. 2011 च्या जुलैतल्या अतिवृष्टीत इथले तीन पूल वाहून गेले. आइझू-कावागुची ते तादामी हा 27.6 किलोमीटरचा तुकडा 1 ऑक्टोबर 2022 ला पुन्हा सुरू झाला. (आपली माथेरानची गाडीही त्याच महिन्यात परत धावली.) आता तिथले रूळ-पूल फुकुशिमा प्रांताच्या मालकीचे आणि गाड्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या. पण या तुकड्यात दिवसाला फक्त तीन फेऱ्या. एक चुकली की दिवस गेला.

जुन्या वर्णनांवर जाऊ नका. ‘खिडकी वर सरकवून वारा खात बसा’ हे सगळं किहा 40 चं कौतुक. सरकारी रेल्वेच्या काळातले ते डिझेल डबे आइझूच्या बाजूला मार्च 2020 मध्ये बंद झाले. त्याआधी 1974 पर्यंत तर इथे सी 11 वाफेची इंजिनं होती. आता हिरव्या पट्ट्यांचे किहा ई120. एसी आहे, स्वच्छ आहेत, पण डबे मोजकेच. पानं रंगतात तेव्हा सीट मिळणं मुश्कील. अर्धा तास आधी फलाटावर उभे राहा, नाहीतर चार तासांहून जास्त लोंबकळा. मधल्या स्टेशनांवर सुइका (रेल्वेचं प्रीपेड कार्ड) चालत नाही. डब्यात चढताना नंबरची चिठ्ठी घ्या, उतरताना ड्रायव्हरपाशी सुटे येन द्या. खाणंपिणं वाकामात्सुलाच घ्या.

तादामीनंतर ओशिराकावापर्यंत 20.8 किलोमीटर एकही स्टेशन नाही, त्यातच 6,359 मीटरचा बोगदा. हिवाळ्यात शेजारचा घाटरस्ता बंद असतो आणि जास्त बर्फ पडला की गाडीही. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर हिवाळ्यात या वाटेला जाऊच नका.

कोइदेहून उरासाला गेलं की शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) मिळते, तो भाग सरळ आहे. फक्त या लाइनसाठी देशभराचा जपान रेल पास घेऊ नका. 2023 च्या ऑक्टोबरमध्येच सात दिवसांचा 50,000 येन झाला होता. इथे तो कधीच वसूल होणार नाही. पूल हवा असेल तर मियाशिताला मुक्काम करा आणि पहाटे वर चढा. गाडी हवी असेल तर पहाटेची पहिली पकडा आणि मध्ये कुठेही उतरू नका.