कोणीही बदलू शकतो, त्या नकाशावर भरवसा कसा ठेवायचा?

ओपनस्ट्रीटमॅप या, कोणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरील नकाशावर मी नागपूरच्या नोंदी करतो, हे कळल्यावर बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. ‘चूक झाली तर कोणीतरी दुरुस्त करतोच’ हे नकाशात नोंदी करणाऱ्या आमच्या मंडळींचे ठरलेले उत्तर मला पटत नाही, कारण तो ‘कोणीतरी’ दर वेळी असतोच असे नाही.

2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या नकाशात प्रत्येक फेरफार कोणत्या खात्यावरून, केव्हा आणि काय शेरा देऊन केला, हे कायम नोंदलेले राहते आणि आधीची स्थिती परत आणता येते. म्हणजे येथे चूक टळत नाही. ती शोधता येते. मात्र शोधणाऱ्याच्या हाती काहीतरी असावे लागते. 23 सप्टेंबर 2023 रोजी अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून नाल्यांच्या नोंदींकडे मी अधिक बारकाईने पाहतो. वरून स्लॅब टाकलेला नाला उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही. त्यामुळे घरबसल्या काम करणारा एखादा उत्साही नवखा अगदी सद्हेतूने नकाशावरची त्या नाल्याची रेघ पुसून टाकू शकतो. आधीच्या माणसाने ‘प्रत्यक्ष पाहणी’ असा स्रोत आणि महिना लिहून ठेवला असेल, तर पुसणाऱ्याचा हात थबकतो. नसेल, तर दोघांचा दावा सारखाच ठरतो. रेघेपेक्षा तिच्या स्रोताचा आग्रह मी जास्त धरतो, तो यासाठीच. (नवख्यांना हा आग्रह जाचक वाटतो, याची मला कल्पना आहे.)

प्रभागांच्या सीमांचे दुखणे वेगळे आहे. 2017 च्या महापालिका निवडणुकीत 38 प्रभाग आणि 151 जागा होत्या. पण प्रभागाची सीमा रस्त्यावर आखलेली नसते, ती अधिसूचनेतील उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा वर्णनावरून शब्दशः वाचून काढावी लागते. रचना बदलली की जुनी सीमा टाकाऊ होत नाही, कारण दोन निवडणुकांची तुलना करणाऱ्याला तीच हवी असते. ओपनस्ट्रीटमॅप मात्र आजची स्थिती दाखवण्यासाठी आहे. म्हणून जुन्या सीमा तारखेसह वेगळ्या जपणे हे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते, आणि त्यात नवे काही काढल्याचे समाधानही नसते.

दुसऱ्या व्यावसायिक नकाशावरून उतरवलेली माहिती बरोबर असली तरी आम्ही काढून टाकतो. तो परवान्याचा, म्हणजे दुसऱ्याची माहिती वापरण्याच्या हक्काचा प्रश्न आहे, तेथे तडजोड नाही.

तेव्हा माझ्यापुरते सांगायचे, तर नागपूरच्या महाल भागातील गल्लीची रेघ मी निःशंकपणे वापरतो. सार्वजनिक नळ किंवा स्वच्छतागृहाच्या नोंदीबाबत मात्र शेवटचा फेरफार कधीचा आहे हे आधी पाहतो, आणि तो जुना असेल तर स्वतः जाऊन आल्याशिवाय कोणाला तिकडे पाठवत नाही.