मशीन चौतीस हजारांचं, घर त्याच्या कितीतरी आधीचं

एसी बसवायला किती खर्च येईल, असं कुणी फोनवर विचारलं तर घर बघितल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. लोकांना वाटतं, हा भाव वाढवायच्या नादात आहे. पण कोल्हापुरात मशीनची किंमत हा खर्चाचा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे घर. पेठांतली घरं ज्यांनी बांधली त्यांना एसीची गरजच नव्हती. गाव ५५० मीटर उंचीवर, उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटायचा, चार वळीव कोसळले की रात्री पांघरूण लागायचं. आता बोळाबोळांत तीन-चार मजले उठलेत, वारा अडलाय, कौलं जाऊन स्लॅब आलेत. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत बसतो. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी फोन यायचे ते राजारामपुरी, ताराबाई पार्क अशा सुखवस्तू भागांतून. आता मंगळवार पेठेसारख्या जुन्या पेठेतूनही येतात.

हे काम मंगळवार पेठेतलंच. मे महिना. मुलगा पुण्याला, आई-वडील इथं. वडिलांना, म्हणजे अण्णांना, फुफ्फुसाचा जुना आजार, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, दिवसरात्र चालू. डॉक्टरांनी खोली थंड ठेवायला सांगितलेली, म्हणून मुलानं ऑनलाइन दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेऊन थेट घरी पाठवला. चौतीस हजार, बसवणं मोफत. त्या मोफतवाल्या कंत्राटदाराचा माणूस आला, भिंत बघितली, ‘स्टँड बसणार नाही’ म्हणाला आणि निघून गेला. मला त्या माणसाचा राग येत नाही. त्याला एका मशीनमागं जे चार पैसे मिळतात त्यात तो दिवसाला पाच-सहा घरं उरकतो तेव्हा त्याचं पोट भरतं. अशा घाईत व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढणं, कोण करणार? मशीनमधलाच गॅस थोडा सोडून पाइपमधली हवा ढकलायची की झालं. मग पाइपात राहिलेली ओल ऑइलमध्ये मिसळते, आतल्या आत आम्ल धरतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसर जातो. गिऱ्हाईक म्हणतं, कंपनी भिकार. मी पंप लावून व्हॅक्यूमचा काटा ५०० मायक्रॉनच्या खाली उतरल्याशिवाय आणि पंप बंद करून काटा तिथंच थांबतो का हे बघितल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. याला अर्धा-पाऊण तास जातो आणि तो बिलात दिसत नाही.

भिंतीबद्दल मात्र तो माणूस खरं बोलला होता. खोली घराच्या मागच्या अंगाला. तीन भिंती विटांच्या, वर स्लॅब. बोळाकडची चौथी भिंत मूळ वाड्याची, दोन फूट जाड, भेंड्याची. भेंडा म्हणजे उन्हात वाळवलेली कच्ची मातीची वीट. त्यात अँकर फास्टनर ठोकला तर सुरुवातीला घट्ट बसल्यासारखा वाटतो. पण आउटडोअर युनिट तीस किलोचं, वर चोवीस तास पंख्याची थरथर. हळूहळू माती भुगा होते आणि खाली बोळात पोरं खेळत असतात. विटांच्या भिंतीवर लावावं तर शेजाऱ्यांची खिडकी हातभर अंतरावर, सगळी गरम हवा त्यांच्या स्वयंपाकघरात. म्हणजे युनिट गच्चीवर, तेही पलीकडच्या कठड्याजवळ. मशीनसोबत तांब्याचा पाइप येतो तीन मीटर. इथं सात मीटर लागणार होता. जास्तीच्या चार मीटरचे ३,६०० रुपये, गच्चीवरच्या स्टँडचे १,०००. इथपर्यंत आजींनी मान डोलावली.

मग मी बोर्ड उघडला. मशीन टांगायच्या आधी मी बोर्ड उघडतोच. आत लाकडी पट्टीवरून आलेली ॲल्युमिनियमची जुनी वायर. तिचं वरचं रबर बोट लावताच पापडासारखं तुटून हातात आलं. न्यूट्रलचा जोड काळा पडलेला. होल्डरला दोन वायरी जोडून केलेला आमचा टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला तर पेटला. फेज आणि अर्थच्या भोकात धरला, तर नुसता तांबूससुद्धा झाला नाही. घरात तीन पिनांचे सॉकेट सगळीकडे, पण अर्थची पिन कुठंच जोडलेली नाही. आणि याच बोर्डावर अण्णांचा कॉन्सन्ट्रेटर वर्षभर चालत होता.

मीटर लावला. २२७ व्होल्ट. आजींना म्हटलं, इस्त्री आहे का? हजार वॅटची इस्त्री त्याच लाइनवर लावली आणि आकडा १९९ वर उतरला. त्याच क्षणी कॉन्सन्ट्रेटर पीं पीं करायला लागला. मी इस्त्री ओढून काढली. आजी दारात उभ्या होत्या, त्या घाबरून आत धावल्या. अण्णांनी हातानंच ‘काही नाही’ अशी खूण केली. एसी पूर्ण जोरात असताना दीड हजार वॅटच्या आसपास खेचतो, इस्त्रीच्या दीडपट. तो त्या काळ्या पडलेल्या जोडावर रात्रभर चालला असता, तर एसीच्या आधी अण्णांचा ऑक्सिजन बंद पडला असता.

मुलाला फोन केला. मीटरपासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची लाइन, तिला जास्त भार आला की तुटणारा स्वतंत्र एमसीबी, घराला वीज गळली की लाइन तोडणारा आरसीसीबी, मागच्या परड्यात अर्थिंगचा खड्डा, आणि वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज. पाइप-स्टँड धरून सगळे १७,४०० होतील, मशीनच्या निम्मे. तो एकदम भडकला. ‘अहो, साइटवर फ्री इन्स्टॉलेशन लिहिलंय! तुम्ही आज चालू करून द्या, वायरिंगचं मी पुढच्या महिन्यात आल्यावर बघतो.’ मी त्याला इस्त्रीचं सांगितलं. तो म्हणाला, ‘तीस वर्षं चाललंय ना त्याच वायरीवर?’ तीस वर्षं त्या वायरीवर दोन ट्यूब, एक पंखा आणि टीव्ही चालला होता. हे सांगेपर्यंत फोन ठेवला गेला. त्याला वाईट म्हणावंसं वाटत नाही. आई-वडिलांसाठी त्यानं पदरचे पैसे घातले होते. विकणाऱ्यानं पैसे घ्यायच्या आधी भिंत कसली आहे, अर्थिंग आहे का, एवढे दोन प्रश्न विचारले असते तर हा फोन झाला नसता. विकणारे टन विचारतात, स्टार विचारतात, रंग विचारतात.

आजी म्हणाल्या, ‘आजची रात तेवढी लावून दे की रं बाळा. लई घुसमटतंय ह्यास्नी.’

खोलीत त्या वेळी ३७ अंश होते. मी नाही म्हणालो.

त्या दिवशी जे होण्यासारखं होतं ते आधी केलं. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून अर्थिंगसाठी जमिनीत पुरायचा इलेक्ट्रोड, पावडर आणि पट्टी आणली. न्हाणीचं पाणी जिरतं तिथली जमीन कायम ओली असते, अर्थिंगला अशीच जागा लागते. पोऱ्यानं आणि मी पहारीनं खड्डा घेतला. अंधार पडेपर्यंत टेस्टरवर चार ओहम आले, म्हणजे अर्थ चांगली लागली. न्यूट्रलचा जोड नवा केला, अण्णांच्या सॉकेटला खरी अर्थ दिली, टेस्ट लॅम्प धरला तर लख्ख पेटला. गच्चीवर बारदानं पसरून भिजवली, दर तासाला पाणी मारा म्हणून शेजारच्या पोराला सांगितलं. रात्री दहाला फोन केला तेव्हा खोली ३३ वर आली होती. तरी ३३ म्हणजे काही झोप येण्यासारखं नव्हे, ते मलाही कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाइन ओढली, व्हॅक्यूम केला, २६ वर लावून दिला.

माझा एक जोडीदार आहे, हाडाचा कारागीर. त्याचं म्हणणं, मी उगाच ताणलं. जोड नवा केलाच होता, तर रात्रभर बारीक लावून द्यायचा, इन्व्हर्टर मशीन आहे, खोली थंड झाली की कमीच खेचतंय. त्याचं गणित चूक नाही. पण तापलेली खोली थंड होईपर्यंतचे पहिले दोन तास ते पूर्णच खेचतं, आणि पट्टीखालची बाकीची वायर मी बघितलेली नव्हती. कुणालाच दिसत नव्हती. हे मी त्याला सांगितलं, त्याला पटलं नाही. अण्णांच्या त्या रात्रीचा विचार आला की कधी कधी मीच त्याच्या बाजूनं बोलतो आणि मग पुन्हा तो पीं पीं आवाज आठवतो.

पैसे मुलानं आठवड्यानं पाठवले, न बोलता, पूर्ण. आजींनी मला जेवायला घातलं. आता कुणी बाहेरगावाहून एसी पाठवायचं म्हटलं की मी आधी तीन फोटो मागतो: मीटर, बोर्ड आणि बाहेरची भिंत. निम्मे लोक पाठवत नाहीत, दुसरा माणूस गाठतात. गेल्या आठवड्यात त्या पुण्याच्या मुलाचेच तीन फोटो आले, सासुरवाडीचे, गडहिंग्लजचे. मशीन अजून घेतलेलं नाही. अर्थिंग आहे, वायर तांब्याची आहे. भिंत भेंड्याची आहे.