मी बुंबाय, पण वसुलीवाला नाही

दोन वर्षं तिकडे नेमकं करत काय होतास, हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकतो. २०२२ च्या जुलैत मी फिलिपिन्सला गेलो, मिशनरी म्हणून, ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती चर्चकडून. चर्चवाले स्वतः हा शब्द आता वापरत नाहीत, पूर्ण नाव घेतात, पण ते नाव इतकं लांबलचक आहे की सांगून होईपर्यंत समोरच्याने दार लावलेलं असतं.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, पिढ्यानपिढ्या मराठी ख्रिस्ती. पप्पा पुण्यात नोकरीला लागल्यावर या चर्चमध्ये गेले आणि मागे आम्ही. आज्जीला ते कधीच पटलं नाही, "आपण आधीच ख्रिस्ती हाये, आता आणखी काय व्हायचं राहिलं?" असं ती अजूनही म्हणते. गंमत म्हणजे १८३१ साली अमेरिकन मिशनरी नगरात येऊन राहिले आणि आता नगरचंच पोरगं गळ्यात टाय बांधून दुसऱ्यांच्या देशात निघालं होतं. एअरपोर्टवर आज्जी एवढंच म्हणाली, पोटाला नीट खा.

फॉर्म, मेडिकल, दातांची तपासणी, इंटरव्ह्यू, व्हिसा हे सगळं कंटाळवाणं आहे, ते सोडतो. पोरांना दोन वर्षं, मुलींना दीड. पगार नाही, उलट आपणच महिन्याला पैसे भरायचे. अमेरिकेतली पोरं महिन्याला ५०० डॉलर भरतात, आमच्यासारख्यांना तेवढं झेपत नाही म्हणून जमेल तेवढं घरचं आणि बाकी चर्चच्या फंडातून. ट्रेनिंग थोडं घरून ऑनलाइन, मग मनिलात, तिथे तागालोग भाषा डोक्यात कोंबतात. आणि मग शर्टाला काळा बिल्ला, त्यावर एल्डर आणि आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय वर्षं वीस, मिशी धड आलेली नाही, आणि साठीची माणसं एल्डर म्हणून हाक मारतात. पहिलं नाव दोन वर्षं कुणी घेतलंच नाही.

मला टाकलं कबानातुआनला, नुएव्हा एसिहा प्रांतात. सगळा भातशेतीचा भाग, पीक निघालं की लोक हमरस्त्यावरच भात वाळत घालतात आणि गाड्या अर्ध्या रस्त्यावरून जातात. रोजचं रूटीन असं, साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग दोनेक तास अभ्यास, त्यातच भाषा, मग दारोदार चर्चबद्दल सांगायला बाहेर पडायचं ते रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला लाइट बंद. चालायचं, ट्रायसिकल पकडायची, पुन्हा चालायचं. ट्रायसिकल म्हणजे मोटरसायकलला डबा जोडलेली त्यांची रिक्षा, कबानातुआनमध्ये इतक्या की रस्ता दिसत नाही. टीव्ही नाही, पोहायला जायचं नाही, मुलींच्या भानगडीत पडायचं नाही. चहा-कॉफी नाही, ते घरीही बंदच होतं, पण पावसात भिजून आल्यावर चहा नाही म्हणजे काय ते मराठी माणसालाच कळेल.

सगळ्यात अवघड होता कम्पॅनिअन. जोडीदार देतात आणि तो कायम नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवा, बाथरूम सोडून. निवडायचा चॉइस नाही. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा निरोप येतो तेव्हा कधी जोडी बदलते, कधी गाव. माझा पहिला इलोइलोचा पोरगा, बोलायला एकदम गोड, भांडतानासुद्धा सूर लावून भांडायचा, पण रोज एकच शिट्टी वाजवत भांडी घासायचा. तिसऱ्या आठवड्यात त्या शिट्टीवरून मी असा भडकलो की दिवसभर आम्ही बोललो नाही, आणि न बोलता एकमेकांपासून दहा फुटांवर दिवसभर चालणं किती वेडपट असतं ते करून बघा. नंतर एक युटाचा आला, त्याला बाथरूममधला ताबो म्हणजे काय तेच कळेना. ताबो म्हणजे आपला मगच, पाणी घ्यायचा, सगळ्याच कामांसाठी. जगात एका विषयात तरी मी अमेरिकेच्या पुढे होतो.

आता मुख्य गोष्ट. तिथे दारावरची बेल वगैरे नसते, बाहेर उभं राहून ताओ पो अशी हाक मारायची, म्हणजे आपलं 'घरात कोण आहे का' तसं. आम्ही हाक मारायचो आणि गल्लीच्या गल्ली शांत व्हायची. आधी वाटलं हे कॅथलिक लोक आहेत, आपण नको असू, देशात जवळपास ऐंशी टक्के कॅथलिक आहेत, साहजिक आहे. पण इलोइलोवाला म्हणाला, मी आधीच्या पार्टनरबरोबर यायचो तेव्हा असं होत नव्हतं रे. मग एके दिवशी एका घरासमोर एक बारकं पोरगं मला बघून आत ओरडत पळालं, "लोला, माय बुंबाय!"

लोला म्हणजे आजी, माय म्हणजे आहे. आणि बुंबाय म्हणजे मी.

तिथे भारतीय माणसाला बुंबाय म्हणतात, बॉम्बेवरून. पण त्यांनी बघितलेले बुंबाय बहुतेक पंजाबी, मोटरसायकलवरून फिरून व्याजाने पैसे देणारे. त्या धंद्याला फाइव्ह-सिक्स म्हणतात, पाच घ्या, सहा द्या, रोज थोडे थोडे फेडा, कागदपत्रं काही नाही. लहान पोरांना झोपवताना बुंबाय घेऊन जाईल अशी भीती घालतात, आपल्या बागुलबुवासारखी. म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून अख्ख्या गल्लीला वाटायचं की हप्ता मागायला आला.

तर ते पोरगं बाहेर आलं आणि एकदम तोंडपाठ म्हणाल्यासारखं म्हणालं, लोला घरात नाही. दारात फुलाफुलांचा पडदा होता आणि पडद्याखाली दोन पाय स्पष्ट दिसत होते, एका पायात निळी स्लिपर, दुसऱ्यात नाही. मला इतका वेळ जे तागालोग सुचत नव्हतं ते त्या दिवशी सुचलं, ओरडूनच म्हणालो, "हिंदी पो आको नानिनिंगिल!" म्हणजे मी वसुलीला नाही आलो हो. दोन सेकंद काही नाही. मग पडदा हलायला लागला, आत कुणीतरी हसत होतं. लोला बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मोटरसायकल कुठंय विचारलं, नाही म्हटल्यावर गाव कुठलं विचारलं. मी म्हटलं पुणे, कळलं नाही, मग म्हटलं बॉम्बेच्या जवळ.

"आय, बुंबाय ङा!" म्हणजे मग बुंबायच की हा!

त्यानंतर मी वयस्कर माणूस दिसलं की आधी मानो करायचो, त्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, आपण वाकून नमस्कार करतो तसं. वसुलीवाला असं करत नाही ना. दारं जरा उघडायला लागली. उघडली म्हणजे लगेच चर्चला आले असं नाही. तिथे तोंडावर नाही म्हणत नाहीत, पुढच्या वेळी या म्हणतात, आपल्याकडच्या 'बघू' सारखं, आणि मी सुरुवातीला खरंच वहीत पुढची तारीख लिहून घ्यायचो, येडा.

पण या पडद्यामागच्या माणसांना खरंच लपायला लागत होतं. मी गावात येऊन महिनापण झाला नव्हता आणि २५ सप्टेंबरला कार्दिंग चक्रीवादळ आलं. रात्रभर आम्ही दोघं खोलीतलं पाणी ताबोने उपसत होतो, ब्राउनआउट, म्हणजे लाइट गेलेली, ती पुढे कितीतरी दिवस आलीच नाही. सकाळी बघतो तर काढणीला आलेलं भात चिखलात आडवं. लोलाच्या मुलाचं पण. बियाणं-खतासाठी उचललेलं कर्ज आधीचं, आता पुढच्या हंगामाला परत फाइव्ह-सिक्स. आमचे पुढचे काही आठवडे प्रवचन कमी आणि पत्रे ठोकणं जास्त. मला प्रामाणिकपणे त्यातच जास्त बरं वाटलं, ट्रेनिंगमध्ये असं बोलायची सोय नव्हती.

एकदा आम्ही लोलाकडे बसलेलो असताना खरा बुंबाय आला, जालंधरचा माणूस, हेल्मेट हातात. मला बघून चक्रावला. हिंदीत विचारलं इथे काय करतोस, मी सांगितलं, पगार किती विचारलं, मी म्हटलं उलट घरून पैसे येतात. तो एवढा हसला, म्हणाला, "भाई, बिना ब्याज के घूम रहा है?" नंतर बोलता बोलता म्हणाला की त्याला दोनदा पिस्तूल दाखवून लुटलंय, बायको-पोरं गावाला. जाताना लोलाकडून पैसे मोजून घेतले, वहीत टिक केली, आणि मला दुकानातून थंड सरबत पाजून गेला. त्याचा राग करावा की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवार आमचा सुट्टीचा. सकाळी टबात कपडे हाताने धुवायचे, मग बाजार, मग घरी व्हिडिओ कॉल. २०१९ च्या आधी वर्षातून फक्त दोनदा फोन करता यायचा म्हणे, मी वाचलो. अडीच तासांचा फरक, मम्मीचा पहिला प्रश्न जेवलास का. २०२३ च्या जानेवारीत मी बाजारातूनच फोन लावला, कारण कांद्याच्या ढिगावर पाटी होती, ६०० पेसो किलो, म्हणजे आपले ९०० रुपये. आणि हे कुठे, तर बोंगाबोन जवळ, जे तिकडचं कांद्याचं गाव! पप्पांना वाटलं मी शून्य जास्त वाचतोय, त्यांनी काकांना कॉलवर घेतलं, काकांचा कांदा चाळीत होता. पुढच्याच महिन्यात सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे २ रुपये हातात पडल्याची बातमी आली. काका म्हणाले, अरे तुझ्या त्या चर्चला विचार, कंटेनर पाठवता येतो का.

दोन वर्षांत किती जणांचा बाप्तिस्मा केलास हे पण लोक विचारतात. फार थोड्यांचा. लोलाचा तर नाहीच, ती रविवारी तिच्या कॅथलिक चर्चला जायची आणि मंगळवारी आम्हाला सुक्या मासळीबरोबर भात खायला घालायची, वास अगदी आपल्या बोंबलाचा, पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा आज्जीच आठवली.

२०२४ च्या जुलैत परत आलो. परवा लोलाच्या नातवाच्या अकाउंटवरून मेसेज आला, तोच तो पडद्याबाहेरचा, आता बराच मोठा झालाय. लिहिलं होतं, खरा बुंबाय आज सकाळी येऊन गेला, लोला घरात नव्हती. सोबत फोटो. पडदा तोच, खाली दोन पाय, आणि या वेळी दोन्ही स्लिपर.