नेसायचा किल्ट

आपण लुगडं नेसतो, धोतर नेसतो. परकर घालतो, पँट घालतो. शिवलेलं असेल ते घालायचं, सुटं कापड असेल ते नेसायचं. हा फरक आजीने मला नऊवारीच्या निऱ्या घालता घालता शिकवला होता. तो स्कॉटलंडच्या एका माळावर असा कामी येईल असं वाटलं नव्हतं.

एडिनबरातले तीन दिवस पावसातच गेले. त्यातलं एक दुकान तेवढं आठवतं. "आडनाव सांगा, तुमच्या कुळाचा टार्टन दाखवतो," असं तिथे येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते. टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड. माझं आडनाव ऐकून विक्रेत्याने बराच वेळ यादी चाळली आणि मग मायेने सांगितलं, की कोणालाही चालतील असेही टार्टन असतात. मी काही घेतलं नाही. पण कूळ आणि कापडावरच्या चौकड्या यांचं नातं फार जुनं असणार, असं मनात पक्कं करूनच इन्व्हर्नेसची गाडी पकडली.

इन्व्हर्नेसपासून आठेक किलोमीटरवर कलोडन. 16 एप्रिल 1746 ला इथे तासाभराच्या आतच जॅकोबाइट सैन्याची, म्हणजे गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठी लढणाऱ्यांची, सरकारी फौजेपुढे धूळधाण झाली. त्यांची सुमारे दीड हजार माणसं पडली. माळ अजून मोकळा आहे. जॅकोबाइट फळी होती तिथे निळी निशाणं, सरकारी फळी होती तिथे लाल. मधल्या ओल्या, खाचखळग्यांच्या जमिनीतून मी चालत गेले, तेव्हा ती माणसं याच अंतरावरून तोफांच्या तोंडाशी धावली होती हे पायांनाच कळलं.

तिथे एक तरुण त्या काळातला पोशाख दाखवत होता. समोर जाड लोकरी कापड अंथरलेलं होतं. साडेचार मीटर लांब, दीड मीटर रुंद. तेव्हाचे माग अरुंद, म्हणून दोन पट्टे मधोमध जोडलेले. एवढी एक शिवण सोडली तर सगळं सुटं कापड. गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत याला फेलिअ मोर म्हणतात, मोठा किल्ट. खाली पट्टा सरकवायचा, कापडाला चुण्या घालायच्या, दोन्ही टोकांना थोडा भाग सपाट ठेवायचा, वर आडवं व्हायचं, टोकं अंगावर घेऊन पट्टा आवळायचा. उभं राहिलं की खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावर. पावसात तोच डोक्यावरून घ्यायचा, रात्री तोच पांघरायचा.

मी पुटपुटले, "अहो, हा तर नेसायचा आहे."

आज तिथल्या लग्नसमारंभात पुरुषांच्या अंगावर दिसतो तो किल्ट याचा अर्धा, खालचाच भाग. त्याच्या चुण्या शिवून पक्क्या करायची रीत अठराव्या शतकाच्या अखेरची. म्हणजे किल्ट आधी नेसत होते, मग घालू लागले. मराठी क्रियापदात तो सगळा इतिहास आपोआप मावतो याचा मला तिथे फार आनंद झाला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. बघ्यांमध्ये एक वयस्क गृहस्थ होते; कुळाचा टार्टन, चांदीच्या बकलांचा पट्टा, मोज्यात खोचलेली सुरी, सगळं जिथल्या तिथे. शेजारी एक मुलगा साध्या काळ्या, खिसेवाल्या किल्टमध्ये, पायात धावायचे बूट. गृहस्थ त्याला सर्वांसमोर म्हणाले, हा किल्ट नव्हे, आणि या जागी असा येणं म्हणजे मेलेल्यांचा अपमान. मुलगा लाल झाला. काही बोलला नाही, पण गेलाही नाही.

मला संताप आला, आणि लगेच लाजही वाटली. कारण पाडव्याच्या शोभायात्रेत शिवलेली नऊवारी घालून आलेल्या माझ्या भाचीला मी हेच सुनावलं होतं. "हे नेसणं नव्हे." ती घरी गेली आणि जीन्स घालून आली. त्यानंतर तिने नऊवारीचं नाव काढलेलं नाही.

पोशाख दाखवणाऱ्या तरुणाने शांतपणे स्वतःच्या कापडाकडे बोट केलं. म्हणाला, मी इथे 1746 दाखवायला उभा आहे, म्हणून माझं कापड, रंग, पट्टा त्या काळचा असायलाच हवा. मी चुकलो तर तुम्ही चुकीचं घेऊन घरी जाल. हा मुलगा काही दाखवायला आलेला नाही. तो आजचा माणूस आजचे कपडे घालून आला आहे. मग त्याने विचारलं, त्या दिवशी आपला कोण, परका कोण, हे कसं ओळखत असतील? कोणीतरी म्हणालं, कुळाच्या टार्टनवरून. नाही, तो म्हणाला. टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलावरून. डेव्हिड मोरिएने या लढाईचं चित्र काढलं, त्यात एकेका माणसाच्या अंगावरच वेगवेगळ्या चौकड्या आहेत. अमक्या कुळाचा अमका टार्टन हे पुढे ठरत गेलं. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताचा थाट मांडला, राजाने स्वतः किल्ट घातला, आणि टार्टनला मोठी मागणी आली. गृहस्थांनी स्वतःच्या किल्टकडे पाहिलं. त्यांचं त्यावरचं प्रेम खरं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला त्यांच्याबद्दलही वाईट वाटलं.

लढाईनंतर सरकारने कायदाच केला. 1 ऑगस्ट 1747 पासून स्कॉटलंडमधल्या पुरुषाने किंवा मुलाने हा पोशाख केला तर सहा महिने कैद. दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं सागरापार रवानगी. सरकारी पलटणीतल्या सैनिकांना मात्र मुभा. 1782 पर्यंत ही बंदी होती. ज्या कपड्यासाठी माणसं तुरुंगात गेली, तो कोणी कसा घालावा याचा पहारा आपणच पुन्हा बसवायचा, हे मला पटत नाही. आणि कलोडनच्या माळावर उभं राहून, लोकांना इतिहास सांगतो म्हणत, काहीही अंगावर चढवून दाखवणंही पटत नाही. ते त्या दीड हजारांशी खोटं बोलणं होईल.

शेवटी मी विचारलं, मला नेसून बघता येईल का? तो क्षणभर थांबला. "बायका हा नेसत नसत. त्या अरिसेद घेत, तो वेगळा. मी हे सगळ्यांना सांगतो, मग तुम्ही खुशाल नेसा." त्याने तसं मोठ्याने सांगितलं. मग मी गुडघ्यांवर बसले आणि चुण्या घालू लागले. बोटांना शिकवावं लागलं नाही. त्याने एकच चुणी दुरुस्त केली. कापड विलक्षण जड होतं, आणि वारा पहिल्यांदाच बोचेनासा झाला. काळ्या किल्टवाल्या मुलाने माझ्या फोनवर माझा फोटो काढला. तो मी रात्री भाचीला पाठवला, सोबत माफीही लिहिली. तिचं उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही.

पट्टा सोडला तशा सगळ्या चुण्या एकदम खाली आल्या आणि पुन्हा नुसतं लांबलचक कापड उरलं. आजी लुगड्याची घडी घालायला मला समोर उभी करायची, तसं मी त्या तरुणाला उभं केलं. दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या. झटकलं, ताणलं, आणि एकेक पाऊल पुढे येत आम्ही घडी घातली.