मापात पाप : आमची वाटचाल

सुरुवातीची काही वर्षं वागळे इस्टेटच्या गाळ्यात शाळेचे गणवेश शिवले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं काम मिळालं, बायकांच्या मापाच्या बॉयलर सूटचं, ते रबाळ्याच्या एका औषध कंपनीतल्या सुपरवायझर ताईंमुळे. त्या थेट मास्तरांच्या, म्हणजे आमच्या कापड बेतणाऱ्या कारागिरांच्या, टेबलापाशी आल्या. अंगात कारखान्यातला शर्ट-पँट एकत्र शिवलेला पोशाख. म्हणाल्या, "हा बॉयलर सूट घालून वाकता येत नाही. बाथरूमला जायचं तर खांद्यापासून सगळा उतरवा. आमच्या पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत."

पुरुषी पॅटर्नचा स्मॉल साइज म्हणजे बायकांचा सूट, असं सगळा बाजार धरून चालतो. मग खांदा उतरतो, बाही लोंबते आणि बसल्यावर पार्श्वभागावर शिवण ताणते. मास्तरांनी ब्राउन पेपरवर नव्याने आखणी केली. खांद्यापासून जांघेपर्यंतचं माप बसवून घेतलं. सगळा न उतरवता बाथरूमला जाता यावं म्हणून मागे कमरेत चेन, ती झाकायला वर फ्लॅप, अख्खा पंजा जाईल असा खिसा. मांडीची शिवण फीड ऑफ द आर्मवर, म्हणजे पायासारखे नळीचे भाग शिवायच्या मशीनवर, दोन सुयांची; टोकांना बारटॅक, म्हणजे उसवू नये म्हणून घातलेले दाट टाके. मशीन सेकंडहँड घेतलेलं, पण टाका अजून चुकत नाही.

एका बड्या पुरवठादाराने सॅम्पल मागून नेलं आणि पुढच्या ऑर्डरला आमचाच कट, एकेरी शिवणीचा, पडत्या भावाने लावला. आमचा माल कापून पडलेला, ड्रिलच्या जाड कापडवाल्याची उधारी, कारागिरांचे पगार थकलेले. मशीन विकायला काढलं, बघायला गिऱ्हाईकही येऊन गेलं. वर ताईंच्या कंपनीतले खरेदीवाले साहेब विचारतात, बायकांना वेगळं कशाला? साहेबांचं तरी काय चुकलं! 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 22 मध्येही चालत्या यंत्राजवळचे घट्ट कपडे 'प्रौढ पुरुष कामगारा'साठीच होते. मार्च 2019 मध्ये तर नासाला दोन महिलांचा एकत्र स्पेसवॉक रद्द करावा लागला. स्पेससूटचा मध्यम मापाचा धडाचा भाग एकच तयार होता. ते कात्रण मी गाळ्यात चिकटवलंय.

त्या पुरवठादाराचे सूट मांडीत उसवू लागले. ताईंनी ते गठ्ठा बांधून स्टोअरला परत केले, साहेबांशी भांडून आम्हाला ऑर्डर दिली, वर निम्मी रक्कम आगाऊ.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांनो, डिलिव्हरी चलनाशिवाय, म्हणजे माल दिल्याच्या पावतीशिवाय, सॅम्पल देऊ नका, आणि मास्तरांचा पगार कधी थकवू नका.

त्या पुरवठादाराच्या माहितीपत्रकात तो सूट अजूनही 'देशात प्रथमच' म्हणून छापलेला असतो. फोटोत फ्लॅप उलटा लावलाय.